परक्या अक्षरातलं पत्र

॥ श्री ॥

साईनगर, अमरावती
सोमवार, १२ जून २०२३

तीर्थरूप दादास,
विमलचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र आजही सोमवारीच टाकते आहे. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा तू सांगितलं होतंस, विमे, दर सोमवारी चार ओळी टाकत जा, म्हणजे आईच्या जिवाला घोर लागणार नाही. आई जाऊन तीस वर्षं झाली, पण सोमवार काही सुटला नाही. गीतांजली हसते. म्हणते, आई, अकोला इथून दोन तासांवर, आणि तुम्ही पोस्टात पत्र टाकता. मामांना फोन का नाही करत? तिला म्हटलं, तुझ्या मामेसासऱ्यांनी कानात ते यंत्र घातलं की त्याची शिट्टी वाजते, आणि ते कुकर बंद करायला उठतात. त्यांच्याशी बोलायचं ते कागदावरच.

बाकी इकडचं काय सांगू? म्हातारपण आपल्याला कळायच्या आधी लोकांना कळतं बघ. पंचाहत्तरी झाल्यापासून घरात माझ्याशी सगळे मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. सौमित्र कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, आणि घरी आला की मला न्हाणीच्या फरशीवर पाऊल कसं टाकावं ते. परवा शेजारच्या बाई आल्या. त्यांनी माझ्यादेखत सुनेला विचारलं, आजी जेवतात ना नीट? पन्नास पोरींचा वर्ग मी नुसत्या नजरेनं गप्प करत असे, दादा. मी तिथेच बसून कैरी किसत होते. वरून दोन जादा पोळ्या खाऊन दाखवल्या, आणि रात्रभर पोट धरून बसले.

तू ब्याऐंशीचा झालास. अजून पंचा खांद्यावर टाकून यजमानांकडे पूजेला जातोस ना? उन्हाचं जाऊ नकोस. वहिनी होती तेव्हा ती तरी ओरडायची. आता ते काम माझ्याकडे आलं आहे.

आहे तो लोभ भांडणासकट सांभाळावा.

तुझी,
विमल


॥ श्री ॥

जठारपेठ, अकोला
२० जून २०२३

चि. विमल हिस,
गोपाळकृष्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. जादा पोळ्यांचा पराक्रम चिरंजीव अद्वैतला वाचून दाखवला. वकील माणूस, लवकर हसत नाही, पण हसला.

इकडे मीही एक पराक्रम केला. पार्बताबाईंकडे सत्यनारायण होता. पंचवीस वर्षांचं घर. पोथीचा चौथा अध्याय वाचून झाला, आणि मी पुन्हा चौथाच सुरू केला. मला पत्ता नाही. बाई हात जोडून म्हणाल्या, "महाराज, त्या साधुवाण्याच्या जावयाले दोनदा कावून बुडवलं जी?" सगळं घर हसलं. मीही हसलो. म्हटलं, पाणी खोल होतं. घरी येताना मात्र मला हसू आलं नाही, विमे. पाठ असलेली वाट होती, आणि आपण तिच्यावरून एकदा गेलो हेच मला आठवत नव्हतं.

तू काळजी करू नकोस. पोथीचं एक सोड, गोत्रं आणि नावं अजून पक्की आहेत. आजकालच्या यजमानाला श्राद्धाला बसवलं की स्वतःच्या पणजोबाचं नाव येत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मला दोनशे घरांचे पणजोबे येतात. तेवढं जोवर आहे तोवर लोक बोलावतील. आणि बोलावणं आहे तोवर सकाळी उठून धोतर नेसायला काही कारण आहे.

अश्लेषाचं कायद्याचं दुसरं वर्ष सुरू होतं आहे. नात म्हणून सांगत नाही, पोर हुशार आहे.

सर्वांस यथायोग्य. ममता आहे तशीच ठेव.

गोपाळदादा


॥ श्री ॥

अकोला
२४ जुलै २०२३

ती. आत्याआजीस,
अश्लेषाचा साष्टांग नमस्कार.

आजी, पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. फोनवर बोलले असते, पण घरात सगळ्यांना ऐकू जातं.

आबा तुला सगळं लिहीत नसणार. मागच्या गुरुवारी ते पूजेची फुलं आणायला गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. फुलांचं आणि भाजीचं दुकान लावणाऱ्या माणिकबाई त्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. म्हणाल्या, "सकाळपासून तीनदा आले माह्याकडे, तीनदा फुलं घेतली. चौथ्यांदा आले तं मले इचारलं, बाई, जठारपेठ कुठं हाये?" आबांच्या पिशवीत खरंच झेंडूचे तीन पुडे होते.

त्यानंतर बाबांनी आबांची बाहेरची कामं बंद केली. यजमानांचे फोन आले की आबांना बरं नाही म्हणून सांगतात आणि दुसऱ्या गुरुजींचा नंबर देतात. अधिक महिना चालू आहे, कामाची गर्दी असते, पण आबांना हे माहीत नाही. ते रोज सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून, गंध लावून दारातल्या खुर्चीवर बसतात. दुपारी स्वतःच उठतात आणि म्हणतात, आज कोणी आलं नाही. बाबा वाईट नाहीत गं. त्यांनी आबांना लोकांसमोर हसू होण्यापासून वाचवलं. पण मला ती खुर्ची बघवत नाही.

एक सांगू? आठवड्यातून एक दिवस ते अगदी पहिल्यासारखे असतात. तुझं पत्र येतं त्या दिवशी.

माया आहेच, ती इथल्या एका वेड्या नातीवरही असू दे.

तुझी,
अश्लेषा


॥ श्री ॥

अमरावती
सोमवार, ३१ जुलै २०२३

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र जरा बसून वाच. कानात यंत्र घालायची गरज नाही.

मी अकोल्याला येऊन राहायचं म्हणते आहे. चार दिवसांचं माहेरपण नाही, कायमचं. माझी इथे कोणाला अडचण नाही, पण गरजही नाही. सौमित्रच्या मुलाला आता आजी लागत नाही, मोबाइल लागतो. तुझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. तुझे दिवस आणि माझे दिवस एकाच घरात गेले तर काय बिघडलं? सकाळी तू पूजा कर, मी फुलं निवडीन. विस्मरण होतं म्हणतोस, तर मी आठवण करून देईन. लहानपणी हिवरखेडला बाबा तुला मंत्रांची संथा द्यायचे, तेव्हा मुलगी म्हणून मला म्हणू द्यायचे नाहीत, पण दाराआड बसून माझंही पाठ झालं होतं. तू अडलास की मी दाराआडून पुढचा शब्द सांगायची. बाबांना वाटायचं, गोपाळची बुद्धी फार तीक्ष्ण.

सौमित्रला सांगितलं तर तो दुखावला. म्हणाला, मुलगा असताना आई भावाकडे जाऊन राहिली तर लोक मला काय म्हणतील? मी म्हटलं, लोक दोन दिवस म्हणतील, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळेल. तो अजून फुगून आहे, पण अडवणार नाही. तुझं आणि अद्वैतचं हो आलं की मी निघते.

दादा, आपल्याला ओळखणारी माणसं एकेक करून गेली. मला विमे म्हणणारा जगात आता तू एकटा उरला आहेस. उरलेले दिवस मला तुझ्याजवळ हवे आहेत. यापेक्षा जास्त काही मागत नाही.

उत्तराची वाट पाहते. हो एवढं एकच अक्षर लिहिलंस तरी पुरे.

तुझी,
विमल


॥ श्री ॥

अकोला
९ ऑगस्ट २०२३

चि. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. ही माझी नेहमीची चूक नव्हे, मुद्दाम वाचलं.

येऊ नकोस. अद्वैतचं मत पडलं नाही. तो म्हणतो, आत्या आमच्याकडे येऊन बाबांचं करायला लागली तर जग म्हणेल, सून काही करत नाही म्हणून म्हाताऱ्या बहिणीला बोलावून घेतलं. सूनबाई माझं सगळं निगुतीनं करते. तिला बोल लागू नये. शिवाय सौमित्रसारखा मुलगा असताना तू त्याचं घर सोडावंस हेही बरं दिसत नाही. घर आता त्यांचं आहे, विमे. त्यांनी नाही म्हटल्यावर मी काय बोलणार?

पत्रं टाकत जा. राखी पोस्टानं पाठव, मी सूनबाईकडून बांधून घेईन.

वाईट वाटून घेऊ नकोस.

गोपाळदादा


॥ श्री ॥

अमरावती
सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज. मी येणार नाही.

गेले तीन महिने तुला हवापाण्याची पत्रं लिहिली, कारण दुसरं लिहायला घेतलं की अर्ध्यावर खोडून टाकायची. आता लिहितेच. ज्या अद्वैतला मी अंगाखांद्यावर खेळवलं, बारावीला असताना वर्षभर माझ्याकडे ठेवून जेवू घातलं, त्याला मी जड झाले. वकिलीत तो लोकांना घरातले वाटे मिळवून देतो म्हणे. मी वाटा मागितला नव्हता, एक खोली मागितली होती. तो स्वतः येऊन, आत्या चल, असं म्हणेपर्यंत मी त्याचा उंबरा चढणार नाही. त्याचा फोन आला होता दिवाळीचं विचारायला. मी घेतला नाही.

तुझ्यावर राग नाही. असला तरी तो सांगण्यासारखा नाही. ओवाळणी इथूनच करते, पश्चिमेकडे तोंड करून. अकोला त्याच दिशेला आहे.

तुझी,
विमल


॥ श्री ॥

अकोला
१९ नोव्हेंबर

चि. सौ. विमल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले. मी पाट मांडून ठेवला होता. सूनबाई म्हणाली, आत्याबाई येणार नाहीत, पत्र आलं आहे. मी म्हटलं, आमची विमल न कळवता राहायची नाही. संध्याकाळपर्यंत पाटासमोर बसलो. मग अश्लेषानं मला ओवाळलं. गुणी पोर आहे, कोणाची ते विचारायचं राहिलं.

तुझ्या यजमानांची प्रकृती कशी आहे? त्यांना थंडी सोसत नाही, सांभाळ. शेतातला हरभरा निघाला की बाबांबरोबर हिरवे सोले पाठवतो. तुला यायला जमलं नाही तर मीच येतो घ्यायला. हिवरखेडहून सकाळची गाडी आहे.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले. मी पाट मांडून ठेवला होता.

गोपाळदादा


॥ श्री ॥

अमरावती
सोमवार, २७ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर गच्चीवर बसले. अकरा वर्षांनी मला कोणी सौभाग्यवती लिहिलं. यांना थंडी सोसत नसे हे तुझ्या लक्षात राहिलं, आणि ते गेले हे राहिलं नाही. बाबांना जाऊन तर चाळीस वर्षं होतील. दुरुस्त करायला पेन उचललं, छत्तीस वर्षांची मास्तरकीची सवय, पण खाली ठेवलं. थंडी आहे, सांभाळते आहे, एवढंच तुला कळवते.

रुसून बसले ही माझी चूक झाली, दादा. शहात्तर वर्षांच्या बाईला रुसायला वेळ कुठे असतो? हे मला कळायला हवं होतं. संक्रांतीला सौमित्रच्या शाळकरी मुलाची परीक्षा आहे, ती झाली की मी येते. अद्वैतनं बोलावलं नाही तरी येते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर निजेन, तेवढ्याला तो काही कोर्टात जाणार नाही.

तोवर एक कर. रोज सकाळी माझं नाव एकदा मोठ्यानं घे. मंत्र घोकतात तसं.

तुझ्या मायेची धनी,
विमल


२९ जानेवारी २०२४

प्रिय मामा,

विमलआईंसाठी मी गीतांजली लिहीत आहे. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आई अंगणात पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं आणि कंबरेला मुका मार आहे. प्लास्टर दीड महिना राहील. त्यांना लिहिता येत नाही आणि सोमवार चुकला म्हणून त्यांचा जीव कासावीस होतो, म्हणून मी कंप्युटरवर टाइप करून पाठवते आहे. माझं अक्षर तुम्हाला लागलं नसतं.

आईंचा निरोप: हात बरा झाला की मी येते, दादाला सांग, वाट बघ.

सौमित्रनं अद्वैतदादांना फोनवर सगळं कळवलं आहे. काळजी नसावी.

गीतांजली


॥ श्री ॥

अकोला
१८ मार्च २०२४

ती. आत्याआजीस,
साष्टांग नमस्कार.

प्लास्टर निघालं हे कळलं. आता तुला पत्र स्वतः उघडून वाचता येईल, म्हणून लिहिते. बाबांनी मला बजावलं होतं की आजीला यातलं काही कळवायचं नाही. पण तू दोनदा विचारलंस की दादा उत्तर का देत नाही, तो माझ्यावर रागावला का. नाही गं आजी. रागावलेले नाहीत.

गीतांजलीकाकूचं पत्र आलं तेव्हा मी नेमकी कॉलेजात होते. आबांनी ते स्वतः उघडलं. वर श्री नव्हता. अक्षर तुझं नव्हतं, कोणाचंच नव्हतं, छापील होतं. पहिल्या ओळीत तुझं नाव होतं. मला हे माहीत नव्हतं, आईनं नंतर सांगितलं, की पूर्वी कोणी गेल्याचं पत्र असलं की त्यावर श्री लिहीत नसत, आणि असं पत्र वाचून झालं की घरात ठेवत नसत, फाडून टाकत. आबांनी पुढचं वाचलंच नाही. पत्र फाडलं, बाहेर टाकलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली जाऊन बसले. मी आले तेव्हा थंडीनं कुडकुडत होते. म्हणाले, विमल गेली.

आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आजी. बाबांनी तुकडे जोडून वाचून दाखवलं. ते ऐकून घेत आणि तासाभरानं पुन्हा म्हणत, विमल गेली. लग्न झालेल्या बहिणीचं जेवढं सुतक धरतात तेवढं त्यांनी धरलं, देवांना हात लावला नाही. तुला आठवतं, मी तुला व्हिडिओ कॉल लावला होता आणि तू डाव्या हातानं नमस्कार केलास, आणि आबा काही न बोलता उठून गेले? तू म्हणालीस, त्याला ऐकू आलं नसेल. ते आत जाऊन मला म्हणाले, बाई विमलसारख्या दिसतात, त्यांना चहा दे.

आता रोज सकाळी पितरांना पाणी देतात, त्यात तुझं नाव घेतात. रोज. आबा बाकी सगळं विसरतात, माझं नाव विसरतात, पण हे चुकत नाहीत. बाबा तेव्हा घराबाहेर निघून जातात. जिवंत माणसाच्या नावानं असं करणं फार अशुभ म्हणतात. मला अशुभाचं कळत नाही. मला फक्त तुझी आठवण येते आणि मी आतल्या खोलीत जाऊन रडते.

काय करू ते तूच सांग. रागावू नकोस कोणावर.

तुझी,
अश्लेषा


॥ श्री ॥

जठारपेठ, अकोला
सोमवार, ८ एप्रिल २०२४

चि. सौमित्र यास,
अनेक आशीर्वाद.

हे अक्षर तुला वेडंवाकडं दिसेल. मनगट अजून पुरतं वळत नाही. पण फोनवर हे मला सांगता आलं नसतं, आणि तू परीक्षेच्या कामासाठी मला दारात सोडून तसाच परतलास, त्यामुळे आत काय झालं ते तुला माहीत नाही.

दादा दारातल्या खुर्चीवर बसला होता. धोतर, पंचा, कपाळाला गंध. मला बघून उठून उभा राहिला. मला वाटलं, ओळखलं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि विचारलं, आपण कोण? मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विमल म्हटलं. तो म्हणाला, माझ्या बहिणीचं नाव. ती वारली. मग मी हिवरखेडची म्हणून सांगितलं, तेही खोटं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला, सौमित्र, की त्यानं मला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसला. आणि आमच्या लहानपणच्या बोलीत बोलायला लागला. ती बोली मी पन्नास वर्षांत त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. बाबा संथा द्यायचे ते सांगितलं. बहीण दाराआडून शब्द सांगायची तेही सांगितलं. तिच्या डोक्यानं मी भटजी झालो, म्हणाला.

मी विचारलं, बहीण शेवटी तुमच्याजवळ होती का? तो जे बोलला ते तुला जसंच्या तसं लिहिते.

"ती येतो म्हणे. मीच नाही येऊ देलं तिले. पोराचं नाव पुढं केलं. तो बिचारा म्हणत होता, आत्याले आणू. मी त्याले शपथ घातली. मले सगळं इसरून राहिलं होतं. एक दिवस मी तिलेच इचारलं असतं, बाई, तुमी कोण? मंग तिनं काय केलं असतं?"

त्या प्रश्नाला उत्तर देऊनच मी त्याच्यासमोर बसले होते.

अद्वैत कोर्टातून आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. आठ महिने मी त्याचा फोन घेतला नाही, चार नातेवाइकांत त्याला नावं ठेवली, आणि त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही की आत्या, माझा दोष नाही. एवढा मोठा वकील, तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. म्हणाला, आत्या, बाबांची लाज राखायची की तुझा राग घालवायचा, यातलं एकच करता येत होतं. सूनबाईनं मागची खोली झाडून ठेवली आहे. गेल्या ऑगस्टपासून ती झाडलेलीच होती म्हणे.

तेव्हा मी आता इथेच राहते. माझी दोन सुती पातळं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि जाड भिंगाचा चष्मा तेवढा येणाऱ्या माणसाबरोबर पाठव. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. आणि एक गोष्ट तुझ्याजवळच ठेव. मी गेले असं दादानं कोणत्या पत्रावरून धरलं ते गीतांजलीला कधी कळू देऊ नकोस. त्या पोरीनं जीव लावून लिहिलं होतं. तिला वर काय लिहायचं ते शिकवायचं मीच विसरले.

उद्या पाडवा. आज आमचं सकाळचं आवरलं. मी या घरात त्याच्यासाठी हिवरखेडची बाई आहे. मला रोज नव्यानं विचारतो, जेवलात का, आणि माझ्यासाठी पाट मांडायला सांगतो. तर्पणाला बसला की त्याच्या हातावर तीळ मी ठेवते, कारण त्याचा हात कापतो आणि ते सांडतात. आधी बाबा, आजोबा, पणजोबा, आई, मग वहिनी. मग माझं नाव. सासरचं गोत्रसुद्धा अचूक. त्याच्या अंगठ्यावरून ते पाणी उतरतं आणि मी ताम्हन धरून असते. अद्वैत म्हणाला, आत्या, तू तिथे बसू नकोस. मी म्हटलं, मग कुठे बसू?

आज पाणी देऊन झाल्यावर त्यानं मला विचारलं, "तुमाले भाऊ हाये का, बाई?" मी आहे म्हटलं. मग म्हणाला, भेटतो का? रोज भेटतो, मी सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, माझ्या बहिणीला मी भेटलो नाही.

जपून राहा. तुझ्या आईवर राग धरू नकोस.

तुझी,
आई